तळघराचा शुक्रवार

"जगात न सुटणारा प्रॉब्लेम नसतो. नीट प्रश्न विचारणारी माणसं नसतात!" असं बापूराव धडफळे म्हणायचे. दिवसातून साधारण तीनदा म्हणायचे, आणि पाहुणे असले तर चारदा.

त्यांचाही दोष नाही हो. माणसाने एका कारखान्याच्या क्वालिटी खात्यात छत्तीस वर्षं काढली की त्याला सगळीकडे बिघाडच दिसायला लागतो. बापूरावांची पद्धत ठरलेली. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण हातात येतं म्हणजे येतंच. कारखान्यात ही पद्धत फार चालली. घरात तिचा प्रयोग निवृत्तीनंतर पहिल्यांदा आमटीवर झाला.

"आमटी खारट का झाली?"

"मीठ जास्त पडलं," दीपमालाबाई म्हणाल्या.

"का पडलं?"

"हात हलला."

"का हलला?"

तिसऱ्या 'का'ला दीपमालाबाईंनी आमटीचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्या दिवशी बापूराव दहीभात जेवले. मूळ कारण काही सापडलं नाही, पण तक्रारही पुन्हा आली नाही.

सहकारनगरात त्यांचा बंगला आहे. वडिलांनी बांधलेला, पन्नास वर्षांचा. खाली बापूराव आणि दीपमालाबाई, वरच्या मजल्यावर मुलगा इंद्रजीत आणि सून अपेक्षा. दोघंही आयटीत, त्यामुळे घरात असूनही मीटिंगमध्ये. आणि बंगल्याच्या पोटात चौदा पायऱ्या उतरून तळघर. तळघरात जुन्या ट्रंका, तांब्याची भांडी, अपेक्षाचं तीनदाच वापरलेलं ट्रेडमिल, आणि कोपऱ्यात जमिनीला एक गोल जाळी. प्लंबर लोक तिला नहाणी ट्रॅप म्हणतात. तळघर धुतलं तर पाणी जायला ती सोय होती.

जानेवारीपासून त्या जाळीतून पाणी जायच्या ऐवजी यायला लागलं!

आणि यायचं तेही वार बघून. दर शुक्रवारी. सोमवार ते गुरुवार जाळी अगदी सज्जन. शुक्रवारी सकाळी सात वाजून गेले की 'गुळुक' असा आवाज, मग 'गुळुक गुळुक', आणि मग घोट्यापर्यंत काळं पाणी. दोन तासांनी ते आपोआप उतरायचं आणि मागे गाळ ठेवून जायचं. वासाबद्दल काय सांगू? ट्रेडमिल तीनदाच वापरल्याचं अपेक्षाला पहिल्यांदा समाधान वाटलं, एवढंच सांगतो.

बापूराव रोज पहाटे तळजाईला फिरायला जात आणि साडेसातला परत येत. त्यामुळे दर शुक्रवारी ते यायचे ते थेट पुराच्या पाहणीला. पायजमा दुमडून, कंपनीची स्टीलची फूटपट्टी घेऊन ते पायरीवर बसायचे आणि पाण्याची उंची वहीत लिहायचे. 'साडेचार इंच. रंग काळा. वास आहे.' दीपमालाबाई खराटा, सुपली आणि फिनेलची बाटली घेऊन गाळ काढायच्या. सुपलीने बादलीत भरायचा, बादली चौदा पायऱ्या वर, रिकामी बादली चौदा पायऱ्या खाली.

"अगं, जरा बाजूला हो, पट्टी दिसत नाहीये," बापूराव म्हणायचे.

दीपमालाबाई बाजूला व्हायच्या. असे बारा शुक्रवार झाले.

तेराव्याच्या आधीच्या बुधवारी इंद्रजीतने जेवताना विषय काढला. "बाबा, जरा प्रॅक्टिकल व्हा. बिल्डरची ऑफर आहे. बंगला द्यायचा आणि वारज्याला अकराव्या मजल्यावर थ्री बीएचके घ्यायचा. तळघरच नसेल तर पाणी उलटं कुठून येणार?"

"आणि लिफ्ट आहे, आई," अपेक्षा म्हणाली.

"बंगला द्यायचा?" बापूरावांचा घास हातातच राहिला. "अरे, या भिंतींवर मी पाणी मारलंय! शाळेतून आलो की दप्तर टाकायचो आणि पाइप घेऊन भिंती भिजवायचो. आण्णा म्हणायचे, बापू, तू भिजवलेली भिंत शंभर वर्षं हलायची नाही!"

"भिंत हलत नाहीये, बाबा. पाणी हलतंय."

बापूराव दीपमालाबाईंकडे वळले. बंगला दोघांच्या नावावर होता. त्यांच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. "तूच सांग याला!"

दीपमालाबाईंनी ताटातला शेवटचा भात संपवला. "मला बंगल्याची हौस नाही आणि वारज्याचीही नाही. मला शुक्रवारी सकाळी खुर्चीत बसून एक कप चहा प्यायचाय. गरम. इथे मिळाला तर इथे, नाहीतर वारज्याला."

बापूरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. दीपमालाबाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"बिल्डरचा माणूस पुढच्या रविवारी कागद घेऊन येतोय ना? म्हणजे मध्ये दोन शुक्रवार आहेत. दोनातला एक शुक्रवार तळघर कोरडं दाखवा, मी सही करणार नाही. नाही दाखवलंत तर करणार. ताक वाढू?"

बापूरावांना ताक गेलं नाही. हा बंगला गेला तर आपण निम्मे तरी त्याच्याबरोबर जाणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण तोंडाने म्हणाले, "दोन कशाला? मला एकच पुरे!"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, उत्तरेश्वर आला. उत्तरेश्वर हा बार्शीकडचा प्लंबर, कामाला चोख, पण येणार तो फक्त गुरुवारी. कारण गेल्या दिवाळीपासून त्या भागात दर गुरुवारी पाणी बंद असायचं. पाणी बंद म्हणजे नळ उघडा, पाइप कापा, भिजायची भीती नाही! त्यामुळे गावभरच्या तक्रारी तो गुरुवारावर ढकलायचा.

तो तळघरात उतरला, बॅटरी मारली, जाळी काढली आणि आत डोकावला.

"काका, हितं तर कायबी न्हाई. ठणठणीत कोरडं हाय."

"गुरुवारी कोरडंच असतं! शुक्रवारी येतं!"

"शुक्रवारी मी कात्रजला असतो." उत्तरेश्वरने हात पुढे केला. "काकू, बादलीभर पाणी द्या, टेस्टिंग करतो."

"आज गुरुवार," वरून दीपमालाबाईंचा आवाज आला. "आज बादली मिळायची नाही. तांब्या देते."

तांब्याभर पाणी जाळीत ओतण्यात आलं. ते सुळकन गेलं.

"गेलं बगा! लाइन क्लिअर हाय."

"मग शुक्रवारी का येतं?" बापूरावांनी पहिला 'का' टाकला.

"आता मी काय सांगू?"

"का सांगत नाही?"

"मला ठावं न्हाई म्हणून."

"का ठाऊक नाही?"

उत्तरेश्वरने जाळी परत बसवली आणि बापूरावांकडे नीट बघून घेतलं. पुढचे दोन 'का' चुकवायला हवेत हे त्या हुशार माणसाने ओळखलं. "काका, शेजारी उंबर हाय न्हवं? उंबराची मुळं लई वंगाळ. पाण्याच्या वासानं पाईपात शिरत्यात."

झालं! बापूरावांच्या डोळ्यांत छत्तीस वर्षांपूर्वीची चमक आली. उत्तरेश्वर जिना चढून जायच्या आत ते चपला घालून शेजारच्या फाटकाशी पोचलेसुद्धा.

शेजारी रावसाहेब. वय पंचाहत्तर, दत्तभक्त, बोलणं थोडं आणि तेही लिंबू पिळलेलं. अंगणातल्या औदुंबराला ते दर गुरुवारी पाच बादल्या पाणी घालत. पाणी बंद असलं तरी घालत. बुधवारी झाडासाठी वेगळं भरून ठेवत. बापूराव पोचले तेव्हा ते तिसरी बादली घालत होते.

"सापडलं!" बापूराव फाटकातूनच ओरडले. "रावसाहेब, गुरुवारी तुम्ही पाणी घालता, ते रात्रभर मुळांतून मुरतं आणि शुक्रवारी सकाळी माझ्या तळघरात येतं!"

रावसाहेबांनी बादली पूर्ण रिकामी केली. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं घालतोय. आपलं तळघर जानेवारीत तुंबायला लागलं. झाडाला नवीन कॅलेंडर कोणी दिलं?"

"मुळं आता पोचली असतील!"

"बरोबर एक जानेवारीला?"

"रावसाहेब, एक गुरुवार! फक्त आजच्या दोन बादल्या घालू नका. माझा बंगला पणाला लागलाय हो!"

हे शेवटचं वाक्य जरा ओलं आलं असावं, कारण रावसाहेबांनी चौथी बादली खाली ठेवली. "ठीक. आणि तरी उद्या पाणी आलं तर?"

"तर तुमच्या औदुंबराला मी स्वतः पाणी घालीन!"

"किती दिवस?"

"जन्मभर!" बापूराव गरजले.

"आपण बोललात, मी ऐकलं," रावसाहेब म्हणाले आणि तुळशीकडे वळले.

शुक्रवारी बापूराव तळजाईला गेले नाहीत. पावणेसातलाच स्टूल, फूटपट्टी आणि वही घेऊन ते तळघरात जाळीसमोर ठाण मांडून बसले. सात वाजले. वर बरीच धावपळ ऐकू येत होती, बादल्यांचे आवाज, अपेक्षाच्या चपला. बापूरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचे डोळे जाळीवर होते.

सात वाजून तीन मिनिटांनी जाळी म्हणाली, 'गुळुक.'

"नाही, नाही, नाही!" बापूराव जाळीला म्हणाले.

जाळीने ऐकलं नाही. स्टुलाचे पाय बुडाले, मग बापूरावांचे. सव्वासातला दीपमालाबाई पदर खोचून, खराटा घेऊन खाली आल्या. पट्टी दिसावी म्हणून न सांगताच बाजूला झाल्या. तेच जास्त लागलं. त्यांच्या मागोमाग रावसाहेब आले, पाचव्या पायरीवर थांबले, पाण्याकडे बघितलं.

"जन्मभर म्हणाला होतात," त्यांनी आठवण करून दिली आणि परत गेले.

पुढचा आठवडा बापूरावांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. वहीत तेरा शुक्रवारांचा आलेख काढला. बाजारात नवीन आलेल्या तीन पावडरी जाळीत ओतल्या. अमावास्या-पौर्णिमेचा काही संबंध लागतो का म्हणून कालनिर्णय चाळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं चाललं होतं. फरक इतकाच की कळसा कुणाच्या काखेत आहे हे त्यांना अजून कळायचं होतं. मंगळवारी रात्री ते अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "मी इथेच वाढलो गं. त्या मधल्या खोलीत."

"माहितीये," दीपमालाबाई कुशीवर वळत म्हणाल्या. गुडघ्याला लावलेल्या बामाचा वास खोलीभर होता. "झोपा आता."

गुरुवारी उत्तरेश्वर पुन्हा आला. या वेळी वीस फुटी तारेची स्प्रिंग घेऊन. स्प्रिंग जाळीत घातली, फिरवली, बाहेर काढली. एक हेअरपिन निघाली. मग पुन्हा तांब्याभर पाणी, पुन्हा सुळकन.

"क्लिअर हाय, काका!" असं म्हणून तो घाईघाईत गेला, इतक्या घाईत की स्प्रिंग तळघरातच विसरला. ती गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आता एकच शुक्रवार उरला होता. मूळ कारण शोधायला वेळच नव्हता. आणि मग बापूरावांनी ते केलं, जे करणाऱ्या कामगाराला त्यांनी कारखान्यात तीनदा मेमो दिला असता. त्यांनी बिघाड झाकायचं ठरवलं.

आईचा जुना पाटा तळघरातच होता, काळ्या दगडाचा. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी जाळीवर सायकलची ट्यूब कापून पसरली, त्यावर पाटा ठेवला, पाट्यावर वाळूची दोन पोती. शुक्रवारी पावणेसातला पोत्यांवर स्वतः जाऊन बसले. वजन ब्याऐंशी किलो.

"बघू कसं येतंय!" ते म्हणाले.

पंच म्हणून रावसाहेबांना बोलावलं होतं. ते पांढरंशुभ्र धोतर आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून आले, कारण तिथून त्यांना थेट देवळात जायचं होतं. येताना अंगणातल्या चिखलात त्यांचा पाय भरला. "जरा पाय धुतो, मग खाली येतो," असं म्हणून ते तळमजल्यावरच्या न्हाणीघरात गेले.

सात वाजले. वर नेहमीची धावपळ. बापूरावांनी श्वास रोखला.

सात वाजून तीन मिनिटं. पाट्याखाली कुठेतरी खोल एक हुंकार ऐकू आला. पाटा किंचित थरथरला. बापूरावांनी दोन्ही हातांनी पोती धरली आणि सगळं वजन खाली दाबलं. सात पाच. सात सहा. जमीन कोरडी! ठणठणीत कोरडी!

"कोरडं!" बापूराव ओरडले. "अगं, कोरडं आहे!"

वरून दीपमालाबाईंची किंकाळी आली.

"हो! कोरडं!" बापूराव पोत्यांवर आणखी घट्ट बसले. इतका आनंद होईल तिला, असं त्यांना वाटलं नव्हतं.

वर दाणदाण पावलं वाजली. इंद्रजीत ओरडला, "ओ माय गॉड!" अपेक्षा ओरडली. मग रावसाहेबांचा आवाज आला, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी आवाज चढवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"रावसाहेबसुद्धा!" बापूराव पुटपुटले आणि त्यांनी डोळे पुसले.

इतक्यात जिन्यावरून कोणीतरी खाली आलं. उत्तरेश्वर होता. कात्रजला जायच्या आधी स्प्रिंग न्यायला आलेला. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर.

"काका, उठा तिथनं."

"नाही उठणार! बघ, कोरडं!"

"हितलं कोरडं हाय, वरलं न्हाई! तुमी खाली बूच मारलं, मंग पाणी जाणार कुठं? न्हाणीघरातनं कारंजं उडालंय! त्या आजोबांच्या धोतराचं पार वाटुळं झालंय, उठा!"

बापूराव उठले. पोती सरकवली. पाटा आपणहून सरकला. दोन मिनिटांत तळघर घोटाभर भरलं आणि वरचं न्हाणीघर मोकळं झालं. निसर्गनियमच तो.

स्वयंपाकघरात सगळे जमले. रावसाहेब स्टुलावर, कमरेला इंद्रजीतचा बर्म्युडा, खांद्यावर टॉवेल. या पोशाखात दत्ताला जाता येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. दीपमालाबाई भिंतीला टेकून उभ्या. आणि उत्तरेश्वर फ्रिजसमोर उभा राहून, दारावर चिकटवलेला एक कागद वाचत होता. सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत.

"'गुरुवार पाणी-बंद कार्यपद्धती. आवृत्ती चार.' काका, ह्यो कागद कशाचा?"

"त्याचा काही संबंध नाही," बापूराव म्हणाले. "पाणी कसं साठवायचं त्याची प्रोसिजर आहे. बुधवारी रात्री भरायची पिंपं किती, बादल्या किती, कुणी भरायच्या. वर तीन पिंपं, खाली चार, बादल्या चोवीस, शिवाय गच्चीतला ड्रम. आपल्याकडे गुरुवारी कधी पाणी कमी पडलेलं नाही!"

"उरतं?"

"भरपूर उरतं! निम्म्याच्या वर."

"मंग उरलेल्याचं काय करता?"

"कलम सात वाच," दीपमालाबाई म्हणाल्या.

उत्तरेश्वरने वाचलं. "'शुक्रवारी सकाळी ठीक सात वाजता सर्व साठवलेले पाणी शिळे समजून दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी सोडून द्यावे. दिरंगाई चालणार नाही. सही, बा. धडफळे.'"

अपेक्षाने हातातली बादली हळूच खाली ठेवली.

"काका, एक इचारू का?" उत्तरेश्वर म्हणाला. "तळघरात पाणी का येतं?"

"लाइनीत मावत नाही म्हणून," बापूराव बारीक आवाजात म्हणाले.

"का मावत न्हाई?"

"जुने मातीचे पाइप. आणि पाणी एकदम जास्त येतं म्हणून."

"एकदम का येतं?"

"सगळे… एकाच वेळी ओततात म्हणून."

"एकाच वेळी का ओतत्यात?"

बापूरावांनी फ्रिजकडे बघितलं. "तसं लिहिलंय म्हणून."

"आन् तसं का लिवलंय?"

पाचव्या 'का'ला मूळ कारण हातात येतं म्हणजे येतंच. ते ओल्या पायजम्यात, हातात सायकलची ट्यूब घेऊन उभं होतं.

"आवृत्ती चार कधीपासून लागू आहे, बापूराव?" रावसाहेबांनी बर्म्युडा सावरत विचारलं.

"एक जानेवारी."

"झाडाला उगाच बोललात."

बापूरावांनी ट्यूबची घडी घातली. शेवटी ते बायकोकडे वळले. "अगं, पण तू दर शुक्रवारी ओतत होतीस! तुला कधी शंका आली नाही?"

"आली ना. दुसऱ्याच शुक्रवारी आली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. आपण म्हणालात, प्रोसिजरमध्ये बदल हवा असेल तर लेखी सुचवावा. पेटीत टाकावा."

पेटी! तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी एक पत्र्याची सूचनापेटी टांगलेली होती. निवृत्तीच्या दिवशी बापूरावांनी ती कंपनीतून मागून आणली होती, 'घरातही सूचना लेखी याव्यात' म्हणून. तिची किल्ली त्यांच्या जानव्याला होती. रोज आंघोळीला ती अंगाला गार लागायची, पण ती कशाची, हे ते पार विसरले होते.

ते जिन्यापाशी गेले. कुलूप गंजलं होतं. उघडलं तेव्हा आतून वाण्याच्या पावत्यांच्या मागे लिहिलेल्या चिठ्ठ्या पडल्या. बापूरावांनी पायरीवर बसून एकेक वाचली.

'१० जानेवारी. शिळं पाणी सगळ्यांनी एकदम ओतू नये. तळघर भरतं असं वाटतं. दीपमाला.'

'१७ जानेवारी. वाटत नाही. भरतंच.'

'३१ जानेवारी. पाणी शिळं होत नाही. भाजी नाही ती.'

'२१ फेब्रुवारी. पेटी उघडता का?'

मधल्या दोन-तीन दमटपणाने चिकटल्या होत्या, उलगडल्या नाहीत. शेवटच्या चिठ्ठीवर तारीख नव्हती. नुसतं लिहिलं होतं, 'गुडघे दुखतात.'

बापूरावांनी वही उघडून ती चिठ्ठी तिच्यात ठेवली. तेरा शुक्रवार त्यांनी पाण्याची उंची लिहिली होती, सुतासकट. या बाईला चौदा पायऱ्या किती वेळा चढाव्या लागल्या, ते वहीत कुठेच नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

मग ते उठले. खराटा घेतला, सुपली घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तळघरातला गाळ काढायला उतरले. अकरा बादल्या निघाला. नवव्या बादलीला त्यांनी जिन्यावर बसून घेतलं.

शनिवारी रात्री त्यांनी स्वतःच विषय काढला. "तळघर कोरडं राहिलं नाही. तू सही कर. मी काही बोलणार नाही."

दीपमालाबाई पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. "सात वाजून सहा मिनिटांनी कोरडं होतं. रावसाहेबांना विचारा."

"ते तर न्हाणीघरात होते!"

"म्हणूनच त्यांची खात्री आहे," त्या म्हणाल्या. "आणि वारज्याच्या त्या फ्लॅटबद्दल मी अपेक्षाला विचारलं. तिथेही गुरुवारी पाणी बंदच असतं. अकराव्या मजल्यावरून तुम्ही कलम सात राबवलंत तर खालचे दहा मजले वाहून जातील. नको त्या लोकांना त्रास. उभा शब्द, चार अक्षरी, 'उंटावर बसून शेळ्या हाकणारा'?"

"शहाणा," बापूराव म्हणाले. मग मोजलं. "तीनच होतात."

"मग दुसरा कोणीतरी असेल."

रविवारी बिल्डरचा माणूस चहा पिऊन परत गेला. बंगला राहिला. फ्रिजवर आवृत्ती पाच लागली, दीपमालाबाईंच्या अक्षरात, एकाच कलमाची: 'उरलेलं पाणी रावसाहेबांच्या औदुंबराला घालावे. बादल्या बापूरावांनी न्याव्यात.' शब्दाला जागायचं होतं, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

पुढच्या शुक्रवारी सात वाजता जाळी गप्प होती. सात तीनलाही गप्प. दीपमालाबाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय स्टुलावर, हातात कप, कपातून वाफ येत होती. समोरून बापूराव दोन्ही हातांत बादल्या घेऊन फाटकाकडे निघाले होते. सतरावी खेप होती. कुंपणापलीकडे रावसाहेब उभे राहून, पाणी बुंध्याशी पडतंय की नाही ते पाहत होते.

"अर्धी सांडली, बापूराव," ते म्हणाले. "का?"

दुपारी बापूराव हळूहळू, कठड्याला धरत जिन्यापाशी आले. वाण्याच्या पावतीमागे काहीतरी लिहिलं, चिठ्ठीची घडी घातली आणि पेटीत टाकली. पेटीची किल्ली आता दीपमालाबाईंच्या बांगडीत, सेफ्टी पिनेला अडकवलेली असते.

"अगं, एक सूचना टाकलीये," ते गुडघा चोळत म्हणाले. "पेटी कधी उघडणार?"

"उघडू की," दीपमालाबाई आतून म्हणाल्या. "आपल्याच प्रोसिजरप्रमाणे."